सूर्याच्या पेटीवर

मुरंबीचे हणमंतकाका पाडव्याला हैदराबादेत अंबरपेठेतल्या घरी आले आणि त्यांनी डोक्यावरचा फेटा काढला नाही, तेव्हाच कुसुमताईंनी ओळखलं की आज काहीतरी निघणार. एरवी काका ओटा चढता चढताच फेटा काढून खुंटीला लावायचे, पाय धुवायचे आणि "चहा टाका की गं पोरींनो" म्हणून आत हाक मारायचे. आज ते तसेच बैठकीत जाऊन गादीच्या टोकाला बसले. कुसुमताई अफझलगंजाहून भावांकडे सणाला आल्या होत्या. सण हे निमित्त. पाठचा भाऊ एकनाथ निवडणुकीत पडल्यापासून या घरात कोण कुणाशी बोलतं आणि कोण बोलत नाही, हे स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय त्यांच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

छप्पनच्या नोव्हेंबरात हैदराबाद राज्याची वाटणी झाली. शहर आंध्रात गेलं, मुरंबी मुंबईकडे गेली, आणि एकनाथराव वकील अंबरपेठेत राहून मुरंबीचे पुढारी व्हायला निघाले. काँग्रेसनं तिकीट नामदेवरावांना दिलं, तेव्हा हे अपक्ष उभे राहिले. नामदेवरावांची बैलजोडी, यांचा उगवता सूर्य, फेडरेशनचा हत्ती; केंद्रावर ज्याच्या त्याच्या निशाणीची वेगळी पेटी. शे-सव्वाशे मतांनी पडले. माणूस हजारांनी पडला तर नशिबाला बोल लावतो. शंभरांनी पडला की घरच्या माणसांकडे संशयानं बघायला लागतो. एकनाथराव गेला पंधरवडा तेच करत होते.

"काका, मला एकच सांगा," ते म्हणाले. "दगा कोणी दिला?"

"जेवण तरी होऊ दे, दादा," गणेश म्हणाला. हा सर्वांत धाकटा भाऊ. आबिड्सजवळच्या सरकारी कचेरीत कारकून होता, आणि मुंबई राज्यात जायचं का इथंच राहायचं याचा विचार गेले सहा महिने करत होता.

"तू गप. तुझ्या पोटात भूक आहे, माझ्या पोटात आग आहे. बोला काका. पेठेनं?"

"पेठ आपली व्हतीच कधी?" काका म्हणाले. "वाणी-उदमी सगळे नामदेवरावाचे. ते त्यांनी झाकलं न्हाई, आन् आपूनबी धरलं न्हाई. कोष्टी आळी अर्धी तुला, अर्धी त्याला. हत्तीवाले हत्तीला गेले, तोंडावर सांगून गेले. त्येंचा काय दोष?"

"आणि काजीपुरा? मी पहिल्यापासून म्हणतोय, काजीपुऱ्यानं पाडलं मला."

"काजीपुऱ्यानं तुला भरभरून दिलं."

ज्याच्यावर पंधरा दिवस राग धरावा तो निर्दोष निघाला की माणसाची मोठी पंचाईत होते.

"पोलिस ॲक्शनच्या साली तुझ्या बापानं त्येंची लेकरंबाळं गोठ्यात ठेवली व्हती," काका म्हणाले. "ते इसरले न्हाईत. तुला न्हाई दिलं, बापाला दिलं म्हन. मळ्याकडचे तेवढे सरकले. बैलाची पेटी सोडून जायचं कुणब्याच्या जिवावर येतं रे. एक म्हातारा मला म्हनला, सूर्य काय, मत दिलं न्हाई तरी उगवतो. बैलाला न्हाई म्हनलं तर उद्या नांगराला कोण?"

गणेशला हसू आलं, पण दादांचा चेहरा बघून त्यानं ते खोकल्यावर नेलं. "मग सगळा हिशेब जुळतोच की, काका. काजीपुरा आपला, कोष्टी अर्धे आपले. मग मतं गेली कुठं?"

हणमंतकाकांनी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं आणि फेट्याखाली खाजवलं. "पुरुषांच्या बूथात आपून पुढंच व्हतो," ते म्हणाले. "घोळ झाला तो बायांच्या बूथात."

दाराच्या आत, पुरण वाटता वाटता, जयवंतेचा हात थांबला.

जयवंता ही एकनाथरावांची बायको, घरातली थोरली सून. अठरा वर्षं झाली लग्नाला. बायांच्या बूथात काय झालं असेल हे तिला निकालाच्या दिवसापासून वाटत होतं, आणि ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आता काका सांगणार होते. ते काय सांगतील यापेक्षा, सांगून झाल्यावर घरातली माणसं कुणाकडे बघतील, याचीच तिला धास्ती होती. आणि खोटं कशाला बोला, थोडी आससुद्धा होती. समोर तिची धाकटी जाऊ, गणेशची बायको रजनी, पोळ्या लाटत होती. मॅट्रिक झालेली, मुलींच्या मराठी शाळेत शिकवणारी, बोलायला लागली की बैठकीतले पुरुषही वर्तमानपत्र खाली ठेवतील अशी.

"बायांच्या बूथात?" रजनी लाटणं ठेवून म्हणाली. "तिथं तर आपलंच होतं सगळं."

"तुझंच होतं," जयवंता म्हणाली.

गोष्ट रथसप्तमीची. मतदानाच्या तीन-एक आठवडे आधीची. मुरंबीच्या बायकांना मत कसं द्यायचं ते कळत नाही, मागच्या निवडणुकीत निम्म्या जणी केंद्रावर जाऊन नुसत्या परत आल्या, असं काका म्हणाले होते. त्यावर रजनीनं तोड काढली. रथसप्तमी म्हणजे सूर्याचाच दिवस, आणि आपली निशाणीही सूर्य. त्या दिवशी मोठं हळदीकुंकू करायचं आणि बायकांकडून मतदानाची तालीम करून घ्यायची. तालमीला दोन पेट्या पुरेत म्हणून आबिड्सवरून बिस्किटांचे दोन मोठे पत्र्याचे डबे नेले. गणेशनं झाकणांना फटी पाडल्या, एकावर बैलजोडी काढली, दुसऱ्यावर लाल सूर्य. खऱ्या केंद्रावर असतं तसं, पेट्यांपुढं पडदा. बाहेर रजनी प्रत्येकीला कुंकू लावून हातात कोरी चिठ्ठी देई आणि समजावून सांगे, "आत दोन पेट्या आहेत. बैलांकडं बघायचं नाही. चिठ्ठी सूर्याला द्यायची. आत कुणी बघत नाही, आपलं मत आपल्यापाशी."

आत कुणी बघत नाही हे तेवढं खरं नव्हतं. पडद्यामागं जयवंता बसली होती, वाण द्यायला. येईल तिची ओटी भरायची, हातावर काचेची वाटी ठेवायची. नवरा उभा राहिला होता, पण उमेदवाराच्या बायकोला जागा मिळाली ती पडद्यामागं, वाट्यांच्या टोपलीपाशी.

तिथून तिनं पाहिलं. पहिली बाई आली. सूर्याचा डबा पाटावर मांडलेला, पाटाला रांगोळी, शेजारी दूध उतू घालायची बोळकी. बाईनं पदर सावरला, चिठ्ठी डब्याच्या झाकणावर ठेवली, वर तीळ-तांदूळ वाहिले, हात जोडले आणि वाटी घेऊन गेली. दुसरी आली, तिनं तेच केलं. झाकणाला फट आहे हे कुणाच्या ध्यानातही आलं नाही. देवाला द्यायचं ते देवापुढं ठेवतात, देवाच्या पोटात कोंबत नाहीत. जयवंतेनं सवयीनं तीळ झटकले, चिठ्ठ्या उचलल्या आणि फटीतून आत टाकल्या. पसारा दिसला की आवरायचा, एवढंच तिच्या मनात होतं. देवाशपथ एवढंच होतं. असं तिनं दुपारभर केलं, आणि संध्याकाळी रजनीला सांगायचं असंही ठरवलं, की अगं, बायका वरच ठेवतात, जरा समजावून सांग.

मग ओट्यावर सगळ्यांदेखत डबा उघडला. चिठ्ठ्यांनी भरलेला. बैलांच्या डब्यात एकही नाही. गावातली चार शहाणी माणसं उभी होती, हणमंतकाका होते. एकनाथरावांनी त्या चिठ्ठ्या दोन्ही हातांनी वर उचलल्या आणि म्हणाले, "रजनी आहे तोवर मला मुरंबीची फिकीर नाही. आमच्या घरात एक तरी बाई डोकं असलेली आली!"

एक तरी. जयवंतेच्या ओठांवर आलेले शब्द तिथंच थांबले. आणि मग ते थांबलेलेच राहिले, मतदानाच्या दिवसापर्यंत. रोज सकाळी ती ठरवायची की आज सांगते, आणि रोज हे प्रचाराहून येऊन म्हणायचे, रजनीला विचारलं का, रजनी काय म्हणते, रजनीचा सल्ला घ्या. मग जयवंतेला वाटायचं, विचारा की रजनीलाच.

"काका, नीट सांगा," बैठकीतून एकनाथरावांचा आवाज आला. "बायकांच्या बूथात मतं कमी पडली?"

"मतं पडली. पन पेटीत न्हाई पडली." काकांनी शेवटी फेटा काढला आणि मांडीवर ठेवला. "सकाळच्या पारी ज्या बाया आल्या ना, धाकलीच्या हळदीकुंकवाच्या, नटूनथटून, ओळीनं, लै हौसेनं, त्या आत गेल्या, सूर्याच्या पेटीवर चिठ्ठी ठेवली, हात जोडले आन् घरी आल्या. पेटीवर! वर! दोन-चार जनींनी तर कुंकूबी वाहिलं. आतल्या सरकारी बाईच्या ध्यानात यायला दुपार झाली. मंग ती वराडली की आत टाका, आत टाका. तवर दोनशेच्या वर चिठ्ठ्या भायेर."

"मग त्या मोजल्या नाहीत?"

"पेटीच्या भायेर सापडली ती बाद. कायदा तुझा, वकील तू. मला तवा कायबी कळलं न्हाई. परवा तुझी काकी नदीला गेली, तिथं बाया म्हनत व्हत्या, आमी तर समद्यांनी वकीलसाहेबालाच वाहिलं, मंग सूर्य कसा पडला? काकीनं खोदून इचारलं तवा उजेड पडला."

शेजारच्या तेलुगू घरातून उगादीची कडुनिंब-गुळाची पच्चडी आली होती, तिची वाटी गादीवर तशीच होती. एकनाथराव वाटीकडे बघत राहिले. दोनशे. दारापर्यंत आलेलं यश उंबऱ्यावरूनच परत गेलं होतं.

पहिल्या फटक्यात बोलल्या त्या कुसुमताई, आणि बोलायचं तिथंच बोलल्या. "तरी मी म्हणत होते! शाळेत पोरी शिकवणं निराळं आणि गाव शिकवणं निराळं. रजनी! जरा बाहेर ये गं."

रजनी हाताला पीठ तसंच घेऊन दारात आली. मागं जयवंता उभी राहिली, अर्धी दाराआड.

"वन्सं, माझ्या डब्यात सगळ्या चिठ्ठ्या आत होत्या," रजनी म्हणाली. "सगळ्यांनी पाहिलंय. दादासाहेबांनी स्वतः उचलल्या."

"हौ, उचलल्या. आणि बूथात काय भूत आलं का त्यांना बाहेर काढायला? तूच तर सांगितलंस ना, सूर्याला द्या म्हणून? देव केलंस त्याला. पाटावर काय बसवलंस, रांगोळी काय काढलीस! हे हळदीकुंकवाचं खूळ खामोखा काढलं नसतंस तर बाया येड्यासारख्या आत टाकून मोकळ्या झाल्या असत्या."

"अक्का, बेफिजूल बोलू नका," गणेश म्हणाला. "तिनं रात्रंदिवस केलंय दादांसाठी."

"तेच म्हणते मी. जेठासाठी रात्रंदिवस. कधी तुझ्या टिफिनसाठी उठली का अशी?"

हा बाण बसला. गणेश लाल झाला. दादांच्या प्रचारात आपली बायको गावभर फिरत होती आणि आपण डब्याला फटी पाडत होतो, हे त्याच्याही मनात सलत होतंच. फक्त ते त्याला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं. त्यानं रजनीकडे पाहिलं, आणि त्या पाहण्यात बायकोची बाजू थोडी कमी झाली. रजनीला ते कळलं.

रजनीची चूक, हे एकनाथरावांना सहज म्हणता आलं असतं. पण त्यांच्या मनाला दुसरंच काही टोचत होतं. काका म्हणाले होते, धाकलीच्या हळदीकुंकवाच्या बाया. नटूनथटून, हौसेनं. मुरंबीत ते स्वतः बारा सभा बोलले होते. ओट्यावर बसून कायदा समजावला, मुंबई समजावली, मराठी मुलुख एक का व्हावा ते घसा बसेपर्यंत सांगितलं. त्यांच्यासाठी कुणी नटूनथटून आलं होतं का?

"आन् अजून एक हाय," हणमंतकाका म्हणाले. त्यांना वाटलं आता गोड बातमी द्यावी. "बाया हळहळल्या फार. म्हनाल्या, आमच्या हातून चूक झाली, आता पंचाईत निवडणुकीला धाकल्या बाईलाच उभं करा, तवा बराबर आत टाकतो. गनेशा, तू मुंबईकडं बदली मागच. नांदेडला दिली तर रोज घरून जाशील. धाकली उभी राहिली तर मुरंबीत तिच्या समोर कुणी टिकनार न्हाई, नामदेवरावबी म्हनला."

"नामदेवराव म्हणाला?" एकनाथरावांचा आवाज चिरकला. "ज्यानं मला पाडलं तो हिला निवडून आणणार? वा, काका! मत माझ्या नावावर मागायचं आणि गाव हिच्या नावावर करायचं! पडलो मी आणि पुढारी झाली ही!"

"दादासाहेब, मी काही मागितलं नाही," रजनी म्हणाली.

"न मागता मिळतंय तेच तर म्हणतो मी."

ते ऐकून दाराआडच्या जयवंतेच्या जिवाला पंधरा दिवसांत पहिल्यांदा थंडावा मिळाला. हे रजनीवर चिडले होते. अठरा वर्षं ज्या सुरात जयवंतेला बोलत आले तोच सूर आज रजनीला लागला होता. ती आत गेली आणि पुरणाला वेलदोडा घालू लागली. हात हलका झाला होता. तेवढ्यात मागून रजनी आली आणि तिनं दार लोटून घेतलं.

"ताई, पडद्यामागं तुम्ही होतात."

"होते. वाट्या देत."

"माझ्या डब्यात चिठ्ठ्या आत कशा गेल्या?"

जयवंतेनं वेलदोड्याची डबी बंद केली. नाही म्हणणं सोपं होतं. कुणी साक्षीदार नव्हता. पण इतके दिवस पोटात ठेवून ती थकली होती, आणि शिवाय या बाईला एकदा तरी कळू दे, असंही तिला वाटलं. "मी टाकल्या," ती म्हणाली. "त्या वर ठेवायच्या, मी आत टाकायची."

"सगळ्या?"

"सगळ्या."

"आणि मला सांगितलं नाहीत!"

"सांगणार होते. संध्याकाळी सांगणार होते. पण तुझा डबा उघडला, आणि हे काय म्हणाले ते तू ऐकलंस ना? एक तरी बाई डोकं असलेली. मी तिथंच उभी होते, रजनी. वाट्यांची टोपली घेऊन. मग म्हटलं, ज्याला डोकं आहे त्यानंच बघावं."

रजनी भिंतीला टेकली. "तुमचा नवरा उभा होता, ताई. माझा नव्हता."

"माझा होता तर मला पडद्यामागं का बसवलंस?"

खरं सांगायचं तर रजनीनं तो विचारच केला नव्हता. कुणीतरी वाण द्यायला हवं, ताई आहेत, बसतील. घरात अठरा वर्षं वावरणाऱ्या बाईकडे तिनं टोपलीकडे बघावं तसं पाहिलं होतं. तिला स्वतःचा राग आला, आणि लगेच त्याहून मोठा राग जयवंतेचा आला. दोनशे बायका. तिनं घरोघर जाऊन, नावं पाठ करून, लेकरांचे पाळणे हलवून आणलेल्या.

"आता सांग जाऊन," जयवंता म्हणाली. "बोलव सगळ्यांना. अक्का आहेतच टपलेल्या."

रजनीनं पिठाचे हात धुतले, पुसले. दार उघडून ती बैठकीत गेली. जयवंता मागोमाग गेली. आता होऊन जाऊ दे. हे ओरडतील, अक्का कपाळ बडवतील, कदाचित माहेरी पाठवतील. पण निदान आज बैठकीत सगळे तिच्याकडे बघतील.

"दादासाहेब," रजनी म्हणाली, "चूक माझी झाली."

जयवंतेनं मान वर केली.

"तालीम मी घेतली. पडद्याआड काय चाललंय ते मी बघायला हवं होतं, मी बघितलं नाही. दोष बायकांचा नाही, आणखी कुणाचा नाही. मी मुरंबीत उभी राहणार नाही. काका, तसं सांगा सगळ्यांना." हे बोलताना तिनं एकदाच जयवंतेकडे पाहिलं. रजनी काही संत नव्हती. हे शब्द कुणाला जाऊन लागणार आहेत हे तिला पक्कं ठाऊक होतं.

बैठकीतली हवाच बदलली. गणेशची मान ताठ झाली. बायको पुन्हा त्याची झाली. कुसुमताई "आता असं म्हटल्यावर काय बोलायचं बाई" म्हणून पदराशी खेळू लागल्या. आणि एकनाथराव, मघाशी चिरक्या आवाजात ओरडणारे एकनाथराव, उठून उभे राहिले. रजनी मुरंबीत उभी राहणार नाही म्हटल्यावर त्यांचं मन मोठं व्हायला काहीच अडचण उरली नव्हती.

"बघा काका," ते म्हणाले, "याला म्हणतात शिक्षण. मोठमोठे पुढारी मी पाहिलेत, पडले की दुसऱ्याकडे बोट दाखवतात. या पोरीनं आपणहून पदरात घेतलं. रजनी, मघाशी मी रागात बोललो, ते मनावर घेऊ नकोस. तुझ्यासारखी बाई घरात आहे हे आमचं भाग्य. काय गं जयवंता? शीक जरा हिच्याकडून."

जयवंतेनं रजनीकडे पाहिलं. गावातल्या बायका हिनं घेतल्या, नवऱ्याचा शब्द हिनं घेतला, आणि आता हेसुद्धा! उभ्या आयुष्यात एक गोष्ट जयवंतेनं केली होती जिनं मुरंबी हलली, मुंबईची खुर्ची हलली, नामदेवराव आमदार झाला. ती एकटीनं केली होती. आणि तीही हिनं उचलून आपल्या पदरात टाकून घेतली.

"खोटं आहे!" ती ओरडली. या घरात तिचा आवाज इतका चढलेला कुणी ऐकला नव्हता. "हिची चूक नाही. हिला काही माहीतच नव्हतं! मी केलं ते. पडद्यामागं मी होते. बायका चिठ्ठ्या वर ठेवत होत्या, मी बघत होते. मी आत टाकत होते, माझ्या हातांनी. मला कळलं होतं आणि मी सांगितलं नाही. मतदानापर्यंत सांगितलं नाही. मी पाडलं तुम्हाला!"

क्षणभर सगळे तिच्याकडे बघत राहिले.

मग एकनाथराव हसले. कडवट नव्हे, बऱ्याच दिवसांनी मोकळं हसले. जवळ येऊन त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. काकांदेखत, मोठ्या बहिणीदेखत असा हात त्यांनी कधी ठेवला नव्हता.

"अगं वेडे," ते म्हणाले, "जावेवर आळ आला म्हणून तू अंगावर घेतेस होय? मन चांगलं आहे गं तुझं, ते मी कधी नाकारलं नाही. पण बोलायचं तर पटेल असं बोल. तुला निवडणूक म्हणजे काय, पेटी म्हणजे काय, काही ठाऊक आहे का? निवडणूक पाडायला डोकं लागतं."

काका हसले. कुसुमताई पदर तोंडाला लावून हसल्या. गणेश म्हणाला, "वहिनी, तुम्हीसुद्धा ना!"

"मी खरं सांगते," जयवंता म्हणाली. "रजनी, तू सांग. आत्ता आत बोललो ना आपण. सांग यांना."

रजनीनं तिच्याकडे पाहिलं. एक शब्द पुरला असता.

"ताई, पानं वाढायला घेऊ या," रजनी म्हणाली. "काकांना उशीर होतोय." आणि ती आत निघून गेली.

"ऐकलंस?" एकनाथराव म्हणाले. "पुरे झालं आता. जा, तिला मदत कर."